बायोच्या भरतकामातला न जुळलेला काठ

फ्रान्समधल्या बायो शहरात अकराव्या शतकातलं एक लांबलचक भरतकाम आहे. त्यात चौदावा प्रसंग सुरू होतो तिथे वरच्या काठाच्या रेघा एकमेकींना नीट भेटत नाहीत. डावीकडून आलेली रेघ एका उंचीवर आहे आणि उजवीकडे सुरू होणारी किंचित वेगळ्या. त्या प्रसंगात नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडच्या राजाच्या मेहुण्याला, हॅरल्डला, घेऊन आपल्या वाड्यावर येतो. घोडे आहेत, पहारेकरी आहेत, बघण्यासारखं पुष्कळ आहे, त्यामुळे माणसं काचेसमोरून पुढे सरकत होती. मी मात्र त्या काठापाशीच उभी राहिले. लिननचा पहिला लांबलचक तुकडा तिथे संपतो आणि दुसरा जोडलेला आहे. असे एकूण नऊ तुकडे आहेत. पुढचे सांधे शोधायला गेलं तर जवळजवळ दिसतच नाहीत, इतके ते सफाईनं लपवलेत. पहिला मात्र उघडा पडलाय.

हे बघून मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. पहिले दोन तुकडे प्रत्येकी चौदा मीटरच्या आसपास आहेत, म्हणजे दोन्हींवर वेगवेगळ्या बायका एकाच वेळी बसल्या असणार. दोन्ही भरून झाल्यावर शेजारी ठेवले, आणि काठ जुळेना. माझा अंदाज असा की त्यानंतर कुणीतरी ठरवलं असणार, यापुढे कापड आधी जोडायचं आणि सांध्यावरचं भरण शेवटी करायचं. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका कामाच्या जागेवर झालेला तो निर्णय आजही कापडावर वाचता येतो. राजे आणि लढाया यांच्याबद्दल लिहिणारे खूप आहेत. मला या सांध्याबद्दल लिहायचं होतं, आणि त्याच्या आसपासच्या गोष्टींबद्दल.

ज्यांनी याबद्दल ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात बायो नावाचं छोटं शहर आहे. तिथे सुमारे ७० मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद असा लिननचा एक पट्टा आहे, आणि त्यावर लोकरीच्या धाग्यानं एक सलग गोष्ट भरलेली आहे. जग त्याला बायो टॅपेस्ट्री म्हणतं, पण हे विणकाम नाही, एकूण एक आकृती सुईनं भरलेली आहे. गोष्ट १०६४ ते १०६६ या काळातली. इंग्लंडचा राजा एडवर्ड म्हातारा आहे, त्याला मूलबाळ नाही. त्याचा मेहुणा हॅरल्ड नॉर्मंडीत येतो, तिथल्या ड्यूक विल्यमचा पाहुणा होतो आणि पवित्र अवशेषांच्या दोन पेट्यांवर हात ठेवून त्याच्यापुढे शपथ घेतो. भरतकामानुसार ही शपथ याच बायोमध्ये झाली. पुढे जानेवारी १०६६ मध्ये एडवर्ड मरतो आणि हॅरल्ड स्वतःच गादीवर बसतो. विल्यम जहाजं बांधतो, समुद्र ओलांडतो, आणि १४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरल्ड मारला जातो. इंग्लंडवर नॉर्मन लोकांचं राज्य येतं.

मी भरतकाम करते आणि शिकवते. माझी भाची पॅरिसला शिकते. संग्रहालय नूतनीकरणासाठी ३१ ऑगस्ट २०२५ नंतर बंद होणार असं कळलं तेव्हा तिनंच मला फोन करून सांगितलं, "मावशी, तू येणार असशील तर याच उन्हाळ्यात ये, नाहीतर दोन वर्षं थांबावं लागेल." बंद होण्याच्या थोडं आधी आम्ही दोघी पॅरिसच्या सेंट-लझार स्थानकावरून गाडीत बसलो. दोन तासांहून थोडा जास्त प्रवास आहे, वाटेत कां (Caen) नावाचं मोठं शहर लागतं. बायो स्टेशनवरून चालतच जाता येतं. ऑर नावाची लहानशी नदी गावातून जाते, तिच्या काठी जुनी दगडी घरं आहेत आणि कुठूनही मान वर केली की कॅथेड्रलचे मनोरे दिसतात. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीतली कितीतरी गावं बॉम्बवर्षावात सपाट झाली. बायो ७ जून १९४४ ला, किनाऱ्यावर सैन्य उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुक्त झालं आणि जवळजवळ शाबूत राहिलं. म्हणून तिथल्या गल्ल्या आजही इतक्या जुन्या वाटतात.

संग्रहालय एका जुन्या सेमिनरीच्या, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाच्या इमारतीत आहे. भरतकाम १९८३ पासून तिथे होतं. आत शिरलं की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागायचा. एक लांब, इंग्रजी यू अक्षरासारखा वळणारा बोळ, आणि त्याच्या भिंतीतल्या काचेमागे पट्टा उलगडलेला. प्रकाश मुद्दाम अगदी मंद ठेवला होता, कारण उजेडानं नैसर्गिक रंग उडतात. फोटो काढायला बंदी होती, आणि ते मला बरं वाटलं, कारण मग सगळे खरोखर बघत होते. कानाला लावायच्या यंत्रातून प्रत्येक प्रसंगाची माहिती मिळायची. पहिल्यांदा आम्ही ते ऐकत गेलो, दुसऱ्यांदा मी यंत्र न घेता गेले. वरच्या मजल्यावर पुतळे, जहाजाची प्रतिकृती आणि एक माहितीपट होता. ते भाचीनं जास्त मन लावून पाहिलं.

आता टाक्यांबद्दल.

या सगळ्या सत्तर मीटरांत मुख्य टाके दोनच आहेत. बाह्यरेषा आणि प्रसंगांवरच्या लॅटिन मथळ्यांची अक्षरं स्टेम स्टिचमध्ये आहेत. फुलांच्या देठांसाठी आपण जो टाका घालतो तोच. आतलं भरण काउचिंगच्या पद्धतीनं केलंय. आधी लोकरीचे धागे अगदी शेजारी शेजारी, एका दिशेनं आडवे टाकून आकृती झाकायची. मग त्यांच्यावरून काटकोनात, थोड्या थोड्या अंतरावर एकेक धागा टाकायचा. मग तो वरचा धागा बारीक टाक्यांनी कापडाला पकडून ठेवायचा. या पद्धतीचा मोठा फायदा असा की लोकर जवळजवळ सगळी पुढच्या बाजूला राहते, मागे वाया जात नाही. सत्तर मीटरांचं काम अंगावर घेतलेल्या माणसांनी असा टाका निवडावा हे अगदी बरोबर आहे. साटिन स्टिचनं, म्हणजे कापडाच्या पुढूनही आणि मागूनही धागा भरत जाणाऱ्या टाक्यानं, हेच भरलं असतं तर लोकर कितीतरी जास्त लागली असती आणि कापड मागून जड झालं असतं. शिवाय काउचिंग भराभर होतं. बघताना ते भरीव, किंचित उठलेलं दिसतं आणि बाजूचं कोरं लिनन मोकळं राहतं. चेहरे आणि हात तर भरलेलेच नाहीत, फक्त रेषेनं काढलेत. तरीही एडवर्डचा थकवा कळतो, आणि हॅरल्डचा संकोचही.

"मावशी, तुला हे मागच्या बाजूनं बघायला जास्त आवडलं असतं ना?" भाचीनं विचारलं. ती मला ओळखते. भरतकाम करणारी कोणतीही बाई आधी कापड उलटं करून बघते. इथे ते शक्य नाही, पण १९८२-८३ मध्ये, नवीन जागी हलवण्याच्या वेळी, तज्ज्ञांनी अस्तर सोडवून मागची बाजू तपासली होती. उजेड न लागल्यामुळे तिकडचे रंग पुढच्यापेक्षा ताजे राहिलेत.

रंगांची संख्या दहाच्या आसपास आहे आणि ते सगळे तीन वनस्पतींतून काढलेत. लाल आणि गुलाबीसर छटा मॅडरच्या मुळांपासून, ही आपल्या मंजिष्ठेची जवळची नातेवाईक. पिवळा वेल्ड नावाच्या झाडापासून. निळा वोडच्या पानांपासून, आणि त्यातलं रंगद्रव्य आपल्या निळीतलंच आहे. हिरव्यासाठी निळ्यावर पिवळा चढवायचा. एवढ्या मोजक्या लोकरी घेऊन ज्यांनी काम केलं त्यांची रंगांची समज मला थक्क करून गेली. घोडे निळे आहेत, हिरवट आहेत, विटकरी आहेत. घोड्याचे आपल्या बाजूचे पाय एका रंगाचे आणि पलीकडचे दुसऱ्या रंगाचे आहेत. सावली किंवा छटा वापरायची सोय नाही, मग जवळचं आणि लांबचं वेगळं करायला त्यांनी रंगच बदलला. निळ्या घोड्याला लाल पाय बघून कुणाला हसू येईल, पण जरा लांब उभं राहिलं की चारही पाय आपापल्या जागी सुटे दिसतात आणि घोडा धावायला लागतो. शिकवताना मी मुलींना फुलाच्या पाकळ्यांत तीन छटा घालायला सांगते. यांनी छटा न वापरता ते साधलंय.

घोडे जवळपास दोनशे आहेत. माणसं सहाशेच्या वर. जहाजं चाळीसेक. मी मोजायला गेले नाही, ते काम अभ्यासकांनी केलंय आणि मोजणाऱ्यागणिक आकडा थोडा बदलतो. मला सगळ्यात जिवंत वाटलेले प्रसंग कामाचे होते. कुऱ्हाडीनं झाडं तोडणारे, फळ्या तासणारे, जहाज दोरानं पाण्यात ओढणारे. चिलखतं इतकी जड की दोघं दोघं मिळून काठीवर अडकवून नेतात. जहाजांत माणसांच्या मध्ये घोड्यांची डोकी दिसतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरल्यावर स्वयंपाक चालतो. चुलीवर भांडं उकळतंय, मांस सळ्यांवर भाजून वाढलं जातंय, आणि टेबल नसल्यामुळे ढालीच आडव्या टाकून त्यावर जेवण मांडलंय. शेजारी बिशप ओडो जेवणाला आशीर्वाद देतोय.

हा ओडो महत्त्वाचा. तो विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप, आणि विजयानंतर इंग्लंडमधल्या केंट परगण्याचा अर्ल. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे काम त्यानंच करून घेतलं, १०७०च्या दशकात. बायोचं कॅथेड्रल १०७७ मध्ये अर्पण झालं. त्या निमित्तानं ते केलं असावं असं अनेकांना वाटतं. लढाईत ओडो हातात सोटा घेऊन घोड्यावरून तरुण शिपायांना धीर देताना दाखवलाय. पैसे देणाऱ्याला चित्रात चांगली जागा मिळते, हे तेव्हाही तसंच होतं.

फ्रान्समध्ये बराच काळ समज होता की विल्यमची राणी माटिल्डा आणि तिच्या दासींनी हे भरलं. अजूनही काहीजण त्याला राणी माटिल्डाचं भरतकाम म्हणतात. आता बहुसंख्य तज्ज्ञ मानतात की ते इंग्लंडमध्ये, बहुधा कँटरबरीच्या परिसरात झालं. तिथल्या मठांत जी हस्तलिखितं तयार होत होती त्यांतल्या चित्रांशी इथल्या कितीतरी आकृती जुळतात, आणि इंग्लंडमधल्या बायकांच्या भरतकामाची त्या काळी युरोपभर ख्याती होती. म्हणजे हरलेल्या देशातल्या बायकांनी जिंकलेल्यांची विजयकथा भरली असण्याची शक्यता मोठी आहे.

हे डोक्यात ठेवून पाहिलं की काही जागा वेगळ्या दिसायला लागतात. हॅरल्ड या गोष्टीतला शपथ मोडणारा माणूस आहे, पण त्याला कुठेही हास्यास्पद किंवा नीच दाखवलेलं नाही. माँ-सें-मिशेलजवळ नदी ओलांडताना विल्यमचे शिपाई रुतणाऱ्या वाळूत अडकतात, तेव्हा हॅरल्ड एकाला पाठीवर घेतो आणि दुसऱ्याला हाताला धरून ओढतो. नॉर्मन शिपायांचा जीव इंग्लिश माणूस वाचवतो, आणि ते मोठ्या आकारात, मुख्य पट्ट्यावर भरलेलं आहे. राज्याभिषेकानंतर आकाशात धूमकेतू दिसतो. तो हॅलेचा धूमकेतू, १०६६ च्या एप्रिलमध्ये खरोखर दिसलेला, आणि हे त्याचं सर्वात जुनं ज्ञात चित्र मानलं जातं. लोक घोळक्यानं वर बोट दाखवतायत. शेजारी हॅरल्ड सिंहासनावर वाकून कुणाचं तरी ऐकतोय, आणि खालच्या काठात रिकाम्या जहाजांच्या नुसत्या बाह्यरेषा आहेत, आत रंग भरलेला नाही. येऊ घातलेली जहाजं. ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्याला मी मनापासून नमस्कार केला.

आणि सत्तेचाळीसावा प्रसंग. लढाईच्या आधी विल्यमची माणसं एका घराला आग लावतायत. दोघांच्या हातात मशाली आहेत. घरासमोरून एक बाई मुलाचा हात धरून बाहेर पडतेय. तिचं नाव लिहिलेलं नाही. मथळ्यात फक्त घर जाळलं जातंय एवढंच म्हटलंय. मुख्य पट्ट्यावर इतक्या शेकडो पुरुषांमध्ये बायका तीनच आहेत. एक एल्फगिवा, जिचं नाव आहे पण जिची गोष्ट कुणालाच उलगडलेली नाही. दुसरी एडवर्डच्या मरणाच्या वेळी पायाशी बसलेली, ती बहुधा राणी एडिथ. तिसरी ही. युद्धाची हकिगत सांगणाऱ्या कापडावर, विजेत्याच्या पैशानं होत असलेल्या कामात, जळत्या घरातून निघालेल्या बाईला जागा मिळाली आहे. चित्राचा आराखडा कुणी पुरुषानं काढला असेल, पण तिचा हात आणि त्यातला मुलाचा हात कुण्या बाईनं भरला असणार. मी तिच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ उभी होते. भाची दोनदा पुढे जाऊन परत आली.

काठांबद्दल वेगळं लिहिता येईल. वर आणि खाली दोन अरुंद पट्ट्या संपूर्ण लांबीभर जातात. त्यांत पक्षी आहेत, पंखांचे प्राणी आहेत, नांगरणी आणि पेरणी आहे, आणि इसापाच्या गोष्टी आहेत. कोल्हा आणि कावळ्याची गोष्ट तीन ठिकाणी येते. लांडगा आणि कोकरू आहेत, लांडग्याच्या घशातलं हाड काढणारा लांब चोचीचा पक्षी आहे. फसवणुकीच्या या गोष्टी मुख्य कथेवर केलेली टिप्पणी आहे असं काही अभ्यासक म्हणतात, काही म्हणतात नुसती सजावट. मला टिप्पणीच वाटली, कारण लढाई पेटल्यावर हा खालचा काठ बदलतो. प्राणी संपतात. तिथे तिरंदाज येतात, मग तुटलेले अवयव आणि मेलेली माणसं, आणि शेवटाकडे मेलेल्यांच्या अंगावरून चिलखत डोक्यावरून ओढून काढणारे लोक. सजावटीची जागा युद्धानं खाऊन टाकली. आराखडा करणाऱ्यानं हे जाणूनबुजून केलंय यात मला शंका नाही.

आता हॅरल्डच्या डोळ्यातला बाण. इंग्लंडमधल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं की हॅरल्ड डोळ्यात बाण लागून मेला, आणि त्याचा पुरावा म्हणून हेच चित्र दाखवलं जातं. राजा हॅरल्ड मारला गेला, असा मथळा, आणि त्याखाली दोन माणसं. एकजण उभा, चेहऱ्याजवळ बाणाची काडी धरलेला. त्याच्या शेजारी दुसरा, घोडेस्वाराच्या तलवारीखाली कोसळणारा. यांतला हॅरल्ड कोण, की दोन्ही तोच, यावर वाद आहे. पण मला जे आकर्षक वाटलं ते भोकांबद्दल आहे. १७२९ च्या सुमाराला काढलेल्या रेखाटनात पहिल्या माणसाच्या हातातल्या काडीला पिसं नाहीत, ती भाल्यासारखी दिसते. १८१९ च्या सुमाराला तयार झालेल्या, इंग्लिश चित्रकार चार्ल्स स्टॉथर्डच्या प्रतीत तोच बाण झालेला आहे. मधल्या काळात किंवा नंतर दुरुस्ती झाली तेव्हा ती काडी कशी भरायची हे कुणीतरी ठरवलं. आणि कोसळणाऱ्या माणसाच्या डोक्यापाशी कापडात सुईच्या भोकांची एक रांग आहे, धागा नाही. म्हणजे तिथेही कधीतरी काहीतरी बाणासारखं भरलेलं होतं आणि ते निघून गेलं किंवा काढलं.

स्टॉथर्डनं भोकं आणि लोंबणारे धागे बघूनच गेलेले भाग पुन्हा काढले होते, हे वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. धागा जातो, भोक राहतं. जुनं भरतकाम हाताळणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, आणि एका राजाच्या मृत्यूबद्दलचा इतिहासकारांचा वाद शेवटी याच साध्या गोष्टीपाशी येऊन थांबतो. मंद उजेडात काचेतून ती भोकं मला दिसली असं मी म्हणणार नाही. पण कुठे बघायचं ते माहीत असल्यामुळे तिथलं कापड मी वेगळ्याच नजरेनं बघितलं.

शेवट नाही. हॅरल्ड पडल्यावर इंग्लिश सैनिक पळताना दिसतात आणि पट्टा फाटक्या, पुष्कळ डागडुजी झालेल्या कडेशी थांबतो. पुढचं हरवलंय. बहुधा तिथे २५ डिसेंबर १०६६ चा विल्यमचा राज्याभिषेक असावा. इंग्लिश खाडीतल्या ऑल्डर्नी बेटावरच्या लोकांनी मिळून हा हरवलेला भाग आपल्या कल्पनेनं भरून काढलाय, आणि ती मला फार सुंदर गोष्ट वाटते.

एवढं तरी टिकलं कसं, हाही प्रश्न आहे. कॅथेड्रलच्या १४७६ च्या यादीत त्याचा पहिला लेखी उल्लेख येतो. तेव्हा ते वर्षातून एकदा, अवशेषांच्या उत्सवात, सभागृहाभोवती टांगत. उरलेलं वर्षभर ते बंद पेटीत, अंधारात. रंग वाचले ते बहुतेक त्यामुळेच. १७९२ मध्ये फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत सैन्याच्या सामानाच्या गाडीवर झाकण म्हणून ते टाकलं होतं. लांबेर लेओनार-लफोरेस्तिए या गावातल्या वकिलानं ते सोडवून आणलं. नेपोलियननं १८०३ मध्ये ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवलं, कारण त्याला इंग्लंडवर चाल करायची होती आणि ती आधी कुणीतरी करून दाखवलेली होती. नंतर काही वर्षं ते दोन रुळांवर गुंडाळून ठेवत आणि पाहुणा आला की विहिरीच्या रहाटासारखं फिरवून दाखवत. हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. प्रत्येक फेऱ्याला लोकर घासली जात असेल. दुसऱ्या महायुद्धात नाझी नेता हिमलरच्या संस्थेनं त्याचा अभ्यास केला. पुढे ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आलं आणि ऑगस्ट १९४४ मध्ये हिमलरची माणसं ते बर्लिनला न्यायला पोचली, पण तोवर लूव्र प्रतिकार करणाऱ्या फ्रेंचांच्या ताब्यात गेलं होतं.

या सगळ्याचे व्रण आहेत. २०२० मध्ये इंच न् इंच तपासणी झाली तेव्हा २४ हजारांवर डाग, साडेनऊ हजारांहून जास्त भोकं आणि उसवलेल्या जागा, आणि अजून पक्क्या न केलेल्या ३० फाटलेल्या जागा नोंदल्या गेल्या. त्यांत मेणबत्तीच्या मेणाचे डागही आहेत. ठिगळं आहेत. ती मी शोधून शोधून पाहिली, कारण ठिगळ लावणारी माणसंही या कामातलीच.

भाचीला कॅथेड्रल बघायचं होतं, मग आम्ही तिथे गेलो. आत उभं राहून मी सभागृहाच्या लांबीचा अंदाज घेत होते, पट्टा कुठून कुठवर येत असेल याचा. खांबांमध्ये लटकवलेलं, मेणबत्त्यांच्या हलत्या उजेडात, आणि खालून बघणारे बहुतेक लोक लॅटिन न वाचू शकणारे. तरी गोष्ट त्यांना कळत असणार, कारण ती बोटांतून कळते. या भरतकामातली माणसं सतत बोट दाखवत असतात, इकडे बघ, तिकडे बघ, पुढे चल.

१८८५-८६ मध्ये इंग्लंडमधल्या लीक या गावी एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकारानं ३५ बायकांनी याची पूर्ण आकाराची प्रत भरली. ती आता रेडिंगच्या संग्रहालयात आहे. त्यांच्याकडे मूळचे फोटो आले तेव्हा काठातल्या नग्न पुरुषांना आधीच चड्ड्या घालून दिलेल्या होत्या, म्हणून प्रतीतही चड्ड्या आहेत. पण त्या बायकांनी एक फार चांगलं केलं. जिनं जो भाग भरला त्याखाली तिनं आपलं नाव भरलं. मूळ कामात असं एकही नाव नाही. मला ती प्रत बघायची आहे, केवळ नावं वाचण्यासाठी.

सप्टेंबर २०२६ पासून जुलै २०२७ पर्यंत मूळ भरतकाम लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला द्यायचं ठरलंय. अकराव्या शतकात ते समुद्रापलीकडून आलं असेल तर ही त्याची पहिली परतभेट ठरेल. इंग्लंडमधल्या लोकांचा आनंद मी समजू शकते. पण कापडाची बाजू घेणारी म्हणून मला हे पसंत नाही. फ्रान्समधल्या अनेक संवर्धकांनी आणि कलाप्रेमींनी विरोध केला, तो मला पटतो. ३० जागी फाटलेलं कापड प्रवासाच्या हादऱ्यांना कसं सामोरं जाईल याची काळजी वाटते. नऊशे वर्षांच्या लोकरीला खोक्यात घालून ट्रकमधून नेण्यापेक्षा बघणाऱ्यानं बायोला जावं, तो प्रवास सोपा आहे.

ज्यांना जाणं जमणार नाही त्यांच्यासाठी पूर्ण पट्टा संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मोठा करून बघता येतो. अंधारात जे टाके मला नीट दिसले नाहीत ते मी घरी आल्यावर तिथे पाहिले, अगदी काउचिंगचा आडवा धागा पकडणारे बारीक टाकेसुद्धा.

नवीन इमारत २०२७ मध्ये उघडायची आहे आणि तिथे पट्टा एका उतरत्या आधारावर सपाट टेकवून दाखवणार आहेत, म्हणजे स्वतःच्या वजनानं तो ओढला जाणार नाही. भाचीचं शिक्षण तोवर संपलेलं असेल, मी तरीही जाणार. लढाईपर्यंत पोचेपर्यंत या वेळी डोळे दमले होते आणि शेवटचे तुकडे हवे तसे बघून झाले नाहीत, म्हणून पुढच्या खेपेला फाटक्या टोकापासून सुरुवात करून उलट्या दिशेनं चालायचं ठरवलंय.